कंपनीचं गाव

कुमासी,
१४ जानेवारी

प्रिय दुफी आई,

कंपनीचं गाव कुठलं, असं तू मागच्या पत्रात विचारलंस. माणसाला गाव असतं, तो कुठेही मेला तरी त्याला तिथे नेऊन पुरतात. मग ही कंपनी मेली तर तिला कुठे पुरायचं? तुझा प्रश्न मी ऑफिसात दोघातिघांना विचारून पाहिला. सगळे हसले, उत्तर कुणी दिलं नाही. खरं सांगते, मलाही ते देता येत नाही. आधी ती आबिजानला होती म्हणतात, मग तुमच्या टेमाला आली, आता कुमासीत येतेय. त्याआधी कुठे होती ते कुणालाच ठाऊक नाही.

पण येतेय, एवढं खरं. कासेच्या रस्त्याला आपली साबणाची शेड उभी राहिली, तिच्यापलीकडे एका बिस्किटवाल्यांनी कुंपण घातलंय आणि विजेच्या तारा बनवणारे कुणीतरी जागा बघून गेलेत. सकाळी फाटकाशी पोरांची रांग असते. मी माणसं नेमण्याच्या खात्यात असल्यामुळे ती रांग ओलांडूनच मला आत जावं लागतं. प्रत्येक जण "ताई, ताई" करतो. मला वाटतं, आता आपल्या मुलांना समुद्राकाठची वाट धरावी लागणार नाही. आई गेल्यावर तू मावशीची आई झालीस आणि मला शिकवायला तुला टेमाला जावं लागलं, तसं आणखी कुणाला जावं लागणार नाही.

एक अडचण आहे, तुला सांगायला नकोच. डिसेंबरात थोडी यंत्रं सुरू केली, तर शनिवारी अर्धी शेड रिकामी. इकडे मयतं शनिवारचीच, सगळे काळं-तांबडं नेसून तिकडे. आमचे व्यवस्थापक लार्टी साहेब अक्राकडचे, ते कपाळाला हात लावून म्हणाले, "या शहरात जिवंत माणूस कामाला ठेवायचा तर आधी मेलेल्यांची परवानगी काढावी लागते."

बैठकीत कुणालाच काही सुचेना. तेव्हा मी उभी राहिले. म्हटलं, टेमाचे जुने कामगार सगळेच्या सगळे इकडे आणा. त्यांच्यात एवे जमातीचे आहेत, गा आहेत, फांते आहेत. त्यांची गावं लांब, इथे त्यांचं कुणी मरत नाही. शनिवारची पाळी ते करतील, आपली माणसं बाकीच्या दिवसांत भरून काढतील. साहेबांनी ते लिहून घेतलं. म्हणाले, "ही मुलगी शिकलेली दिसते." मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. सगळे आणायचे म्हणजे तूही आलीस.

इथे आहिन्सान वस्तीत मी खोली घेतलीय, दोन खाटा मावतील अशी. फोनवर बोलायचं तर तुझ्या कानात अजून यंत्रंच वाजत असतात आणि आपण दोघी नुसत्या ओरडतो. म्हणून हे पत्र ओपोकू ड्रायव्हरच्या हाती देतेय.

तुझी,
बिरागो

टेमा,
६ फेब्रुवारी

बिरागो पोरी,

पत्र पोचलं. ओपोकूने ते बसच्या काचेपुढे ठेवून उन्हात खरपूस भाजून आणलं. त्याच्याच हाती धुरावलेली मासळी पाठवतेय. वाटेत अर्धी तो खाणार हे धरूनच जास्त बांधलीय, त्याला ओरडू नकोस.

इथे यंत्रं खोलून ट्रकवर चढवतात. माझ्या टेबलाशेजारचं साबण गुंडाळायचं यंत्र परवा गेलं, तर ते चालवणाऱ्या एसिनामने डोळ्यांना पदर लावला. मी म्हटलं, बाई, नवरा सोडून गेला तेव्हा तरी एवढी रडली होतीस का? ती म्हणाली, "नवरा एवढा नियमाने कुठे चालत होता?" शेडमध्ये बऱ्याच दिवसांनी हसलो. आता आवाज नसल्यामुळे हसलेलं ऐकू येतं, तेही विचित्र वाटतं.

एकेकाला आत बोलावून विचारताहेत. टाय लावलेला एक पोरगा बसतो. नाव काय, वय काय, काम कुठलं, आणि शेवटी, गाव कुठलं. मी मोठ्याने सांगितलं, ओडुमासे. त्याने विचारलं, "कुमासीजवळचं? किती लांब?" मी म्हटलं, तासाभरावर, आणि बस ओपोकूची असेल तर त्याच्याही आत. तो काही हसला नाही. कळवतो म्हणाला.

एसिनामला कळवलं, ती महिनाअखेर निघेल. तिच्यासाठी एखादी खोली बघून ठेव. माझं बघू. या खोलीचं दोन वर्षांचं भाडं मी आगाऊ भरून बसलेय, तेव्हा मला घाई कसली?

गावात आचिआ आजीचे पाय सुजलेत असं ऐकलं. तुझी आई गेली तेव्हा तिनेच तुला न्हाऊ-माखू घातलं होतं. जमेल तेव्हा बघून ये.

तुझी आई,
दुफी

कुमासी,
१० मार्च

प्रिय दुफी आई,

मासळी मिळाली. खरंच अर्धीच होती. ओपोकू म्हणतो, वाटेत मांजर आलं होतं. बस पळत असताना ते कसं आलं, ते मात्र त्याला सांगता येईना.

एसिनाम आली. तिला माझ्या खोलीपासून चार घरांवर जागा मिळालीय. आल्या आल्या तिने इथल्या फुफूच्या गोळ्याला नावं ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दोनदा मागून घेतला. टेमाहून बरेच जण आलेत आणि शनिवारी शेड भरलेली असते. लार्टी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "हे या मुलीचं डोकं." मला जूनपर्यंत कायम करणार आहेत. आपल्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार येणारी कायमची नोकरी कुणाला होती, तू सांग. तुझीही कधी कायम केली नाही त्यांनी, इतकी वर्षं राबलीस तरी.

तुझं भाड्याचं मला कळतं, पण तेवढ्यासाठी तिथे अडकून पडू नकोस. मालकाला विचार, तो दुसरा भाडेकरू बघेल. मी तुझ्यासाठी गादी आणून ठेवलीय. तिच्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही.

एक वाईट बातमी. आचिआ आजी गेली. माझं जाणं राहूनच गेलं. मयत मेमध्ये धरलंय, तोवर तिला शवागारात ठेवलंय, कारण परदेशातली नातवंडं यायची आहेत. आठव्या दिवशीची शोकाची बैठक शनिवारी होती आणि टेमाच्या लोकांचा इथला तो पहिलाच शनिवार, त्यामुळे मला हलता आलं नाही. मन खात होतं. पण नंतर बाजारात कुळाचे वडील भेटले, तर म्हणाले, "कुठेही शिकत असलीस तरी गावचं मयत तू कधी चुकवलं नाहीस, पोरी." मी चारपाच वर्षांत एकाही मयताला गेलेले नाही. वयामुळे त्यांचा घोटाळा होत असेल. मी दुरुस्त केलं नाही, कारण ऐकायला बरं वाटलं.

लवकर ये.

बिरागो

कुमासी,
२८ मार्च

दुफी आई,

तुझं उत्तर आलं नाही, तरी लिहितेय.

काल बिस्किटवाल्यांची आणि तारावाल्यांची माणसं आली होती. लार्टी साहेबांनी त्यांना टेमाच्या कामगारांचे अर्ज दाखवले आणि माझ्यादेखत समजावून सांगितलं. ज्यांचं गाव कुमासीपासून दोन तासांच्या आत, त्यांना आणायचं नाही, इथलेही घ्यायचे नाहीत. त्यांना गाव आहे, गावात म्हातारी माणसं आहेत, म्हणजे त्यांचे शनिवार गेलेच. "आणि हे आमच्या इथल्याच मुलीने सुचवलं," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे हात केला. पाहुण्यांनी माझ्याशी हात मिळवला. मी तो मिळवला, आई.

मी असं म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं होतं, सगळ्यांना आणा.

संध्याकाळी एसिनामकडे गेले. ती भांडी घासत होती. मी विचारलं, दुफी आई नक्की कशासाठी थांबलीय? तिने हात थांबवले. म्हणाली, "तिला घेतलंच नाही. तुला ठाऊक नाही? मला वाटलं ऑफिसात बसतेस, तुला सगळं ठाऊक असेल." मग म्हणाली, "ती सगळ्यांना भाड्याचंच सांगत होती. कुणाला वाईट वाटू नये म्हणून." ते कुणाला म्हणजे कुणाला, हे मी विचारलं नाही.

आता माझं नीट ऐक. तुझे वडील विनेबाचे होते. विनेबा समुद्रावर, इथून कितीतरी लांब. आपण आईच्या कुळाचे, आईच्या गावचे, हे मला कळतं, पण अक्राच्या लोकांना ते कोण समजावणार? कितीतरी जातींत माणूस बापाच्याच गावचा असतो. म्हणजे हे धड खोटंही नाही. महिना संपेपर्यंत अर्जात दुरुस्ती करता येते आणि दुरुस्तीचे कागद माझ्याच टेबलावर येतात. ओडुमासे खोडून विनेबा लिहायचं, एवढंच. तू हो म्हण, बाकी माझ्यावर सोड.

बिरागो

टेमा,
१५ एप्रिल

बिरागो,

दुरुस्तीचा महिना उलटून जाऊ दिला आणि मग लिहायला बसले. तुझ्या हातून आणखी एक काम होऊ नये म्हणून.

टाय लावलेल्या पोराने मला त्याच दिवशी सांगितलं होतं. वाईट नव्हता तो. म्हणाला, "मावशी, नियम कुमासीहून आलाय, तिथल्या एका शिकलेल्या बाईचा आहे." मी विचारलं, नाव काय तिचं? त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं. तुझं पत्र तेव्हा माझ्या पिशवीतच होतं.

घरी येऊन ते परत वाचलं. तू मला आणायलाच बोलली होतीस, हे मला कळलं. म्हणून गप्प बसले. नोकरी गेल्याचा राग मी तुझ्यावर धरणार नाही. कंपनी उठून जाते तेव्हा कुणी ना कुणी मागे राहतंच, आबिजानलाही राहिले असतील.

पण विनेबाचं लिहिलंस ते वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही.

माझे वडील भले माणूस होते. ते वारले तेव्हा विनेबाच्या लोकांनी येऊन त्यांना नेलं, तिकडे पुरलं, आणि आपण पाहुण्यांसारख्या खुर्च्यांवर बसलो. ते त्यांचं गाव. मी तिथली आहे असं सांगितलं, तर उद्या मी मेल्यावर मला न्यायला कोण येईल? विनेबावाले म्हणतील, ही कोण? आणि ओडुमासेवाले म्हणतील, तिने आपल्या तोंडाने सांगितलंय, ती आमची नाही. तू म्हणशील, एका कागदावरचं कोण बघतं? पोरी, तू तर कागदावरच जगतेस. तुला असं वाटावं याचं मला नवल वाटलं.

आणि कुळाच्या वडिलांचा घोटाळा झालेला नाही.

तू शाळेत होतीस, मग कॉलेजात. परीक्षा असायच्या. मी शुक्रवारी पाळी संपली की बस धरायची, शनिवारी ओडुमासेला मांडवात बसायची आणि परत यायची. देणगी द्यायला उभी राहायची तेव्हा दोन नावं सांगायची, माझं आणि तुझं. कर्ण्यावरून देणग्या पुकारणारा माणूस ओरडायचा, "आकुआ बिरागो, ओडुमासेची." सगळं गाव ऐकायचं. कुणी विचारलं की मी सांगायची, आत्ता इथेच होती, स्वयंपाकाकडे गेली असेल. आचिआ आजीच्या आठव्यालाही मी आले होते. तुला कळवलं नाही. तू कामात होतीस.

हे तुझ्यावर उपकार म्हणून लिहीत नाही. तुझ्या आईने मला तुझं गाव सांभाळायला सांगितलं होतं, तेवढं केलं. पण आता माझे पाय दुखतात आणि बसमध्ये झोप लागत नाही.

बाकी माझं बरं आहे. आमच्या रिकाम्या शेडमध्ये दुसरी कुणी कंपनी येणार म्हणतात, कुठूनशी उठून. एसिनामच्या बहिणीने तिथे माझं नाव सांगून ठेवलंय. तेही गाव विचारणार असतील तर विचारू देत. इथून ओडुमासे लांब आहे, म्हणजे मी त्यांना चालेन.

गादीवरचं प्लॅस्टिक काढ. उकडत असेल.

दुफी

ओडुमासे,
१८ मे, रविवार

प्रिय दुफी आई,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मलाही महिना लागला. रोज लिहायला बसायची आणि "मला माफ कर" यापुढे काही सुचायचं नाही. तेवढंच लिहिलेलं पत्र तुला कशाला पाठवायचं? काही घडल्यावर लिहावं असं ठरवलं.

आधी मी लार्टी साहेबांकडे गेले. म्हटलं, तो नियम मी सांगितला तसा नाही आणि तो वाईट आहे. कुमासीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या पोरांना कुमासीतच काम मिळेनासं झालंय, कारण त्यांच्या घरची माणसं इथे मरतात. त्यांनी ऐकून घेतलं. तेही थकलेले दिसतात. एकटेच राहतात, डब्यातलं खातात. म्हणाले, "मिस बिरागो, शनिवारी शेड भरलेली असते. चालतंय ते मी का मोडू?" मी म्हटलं, तुम्ही फेब्रुवारीत आत्याच्या मयताला टेशीला गेला होता, तोही शनिवारच होता. त्यांनी समोरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, "म्हणूनच सांगतो. मला ठाऊक आहे ना, माणूस गेल्याशिवाय राहत नाही. म्हणून गाव नसलेली माणसं बरी."

मग त्यांनी खणातून मला कायम करण्याचा कागद काढून दाखवला. सही तेवढी राहिली होती. म्हणाले, "तुमचं गावही दोन तासांच्या आत आहे. मी तिकडे डोळेझाक केलीय." मेच्या सतरा तारखेला, शनिवारी, त्या दोन्ही कंपन्यांची माणसं पुन्हा येणार होती, या वेळी मोठे साहेब. माणसं कशी निवडायची ते मी उभं राहून त्यांना समजावून सांगायचं होतं. ते झालं की सही.

त्याच शनिवारी आचिआ आजीचं मयत होतं.

मी रजेचा अर्ज दिला. त्यांनी विचारलं, मयत कोण? मी सांगितलं, आजीची चुलत बहीण. ते खरंच हसले, वाईट हेतूने नाही. म्हणाले, "नियमात आई, बाप, नवरा, मूल एवढंच बसतं. हा नियम तरी तुमचा नाही." अर्ज त्यांनी तसाच टेबलावर ठेवला. गुरुवारी मी परत विचारलं, शुक्रवारी परत विचारलं. शेवटी म्हणाले, "तुमच्या घरात तुम्ही पहिल्या शिकलेल्या. शहाणपणाने वागा."

शुक्रवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी तो अर्ज त्यांच्या टेबलावरून उचलला. कारणाच्या जागी लिहिलेलं खोडलं आणि लिहिलं, "माझं गाव ओडुमासे. तिथे मयत आहे." तो परत ठेवला आणि एसिनामकडून काळं लुगडं मागून घेऊन बस धरली. लुगडं देताना ती म्हणाली, "दुफी बघेल तर म्हणेल, नेसता येत नाही पोरीला." खरंच येत नव्हतं. मांडवात तीन बायकांनी मिळून ते नीट केलं.

आई, मला वाटलं होतं की तिथे माझ्याकडे कुणी बघणारही नाही. पण सगळ्यांनी ओळखलं. एका म्हातारीने विचारलं, "दुफी कुठाय? तुम्ही दोघी नेहमी बरोबर असता ना?" मी म्हटलं, आत्ता इथेच होती, स्वयंपाकाकडे गेली असेल.

फाटकाशी उभी राहणारी दोन पोरंही मांडवात होती. त्यांनी विचारलं, ताई, आमचे अर्ज कुठे अडलेत? मी सांगितलं, गावापाशी अडलेत, आणि ते कसं झालं तेही सांगितलं. त्यातला एक माझ्याकडे नुसता बघत राहिला. दुसरा म्हणाला, "म्हणजे आजी मेली म्हणून नाही, पुढे कधीतरी मरेल म्हणून आम्हाला नाही घेतलं?" ते उठून दुसऱ्या खुर्च्यांवर जाऊन बसले. त्यांनी पुढे काय करायचं ते त्यांचं ते बघतील. निदान आता त्यांना माहीत आहे.

दुपारी फोन वाजत राहिला. लार्टी साहेबांचा होता. पाहुणे येऊन बसले असतील, थंड पाणी प्यायले असतील, आणि मुलगी कुठे आहे ते त्यांना सांगावं लागलं असेल. मयताला गेलीय, हे त्यांनी कसं सांगितलं असेल ते मला ऐकायला आवडलं असतं. मी फोन उचलला नाही.

देणगीची पाळी आली तेव्हा मी उभी राहिले. कर्णा घेतलेल्या माणसाने नाव विचारलं. मी आधी तुझं सांगितलं. तो ओरडायला लागला, "दुफी, टेमाची..." मी त्याचा हात धरला. म्हटलं, टेमाची नव्हे. त्याने चुकलं म्हणून मान हलवली आणि परत म्हटलं, "दुफी, ओडुमासेची." मांडवाच्या पार टोकापर्यंत ऐकू गेलं. मग त्याने माझं घेतलं. तोपर्यंत मी उभीच होते.

बिरागो